इंग्रजी वाक्याच्या तोंडाशी आलेल्या तुकड्यानंतर स्वल्पविराम: कधी द्यायचा, कधी नाही?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)

दहावीच्या वर्गाला इंग्रजी शिकवतो. ‘व्हेन द रेन स्टॉप्ड, वुई वेंट टू द फील्ड’ या वाक्यात ‘स्टॉप्ड’नंतर स्वल्पविराम आहे. त्याच पानावर ‘इन द मॉर्निंग वुई वेंट टू द फील्ड’ असं वाक्य आहे, त्यात काहीच नाही. लेकरं विचारतात, “सर, असं कामून?” आपल्याकडं सगळीकडं एकच सांगतात, जिथं दम घ्यायचा तिथं स्वल्पविराम द्यायचा. ते इथं लागू पडंना. जाणकारांनी नेमकं काय ते सांगावं.

उत्तर (अंबाजोगाई)

सर, ते दम घेण्याचं सांगणं वर्गातून काढून टाका, ही कळकळीची विनंती. प्रत्येकाचा दम वेगळा असतो. त्या सांगण्यामुळं लेकरं लांबलचक कर्त्यानंतरही स्वल्पविराम ठोकतात, आणि इंग्रजीत ती सरळसरळ चूक धरतात.

मुळात इंग्रजीला या चिन्हाची गरज का पडते, ते आधी बघू. मराठीत ‘पाऊस उघडल्यावर’, ‘शेतात जाताना’, ‘आजारी असल्यामुळं’ म्हटलं की तुकडा कुठं संपला ते शेवटचा प्रत्ययच सांगतो. ‘जेव्हा’नं सुरुवात केली तर पुढं ‘तेव्हा’ येतो, ‘जर’ आला की ‘तर’ येतो. आपली भाषा तुकड्याच्या शेवटी बांध घालते. म्हणून तर मोडीतले जुने कागद विरामचिन्हांशिवाय, शब्दांत अंतर न सोडता लिहिलेले असूनही जाणकाराला वाचता येतात. मराठीत ही चिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात, म्हणजे ती गोष्ट १९व्या शतकातली.

इंग्रजीत उलटं आहे. ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘बिकॉज’, ‘इन’ हे शब्द तुकड्याच्या सुरुवातीला येतात. सुरुवात कळते, शेवट कळत नाही. हे वाक्य फळ्यावर लिहा:

‘व्हाइल द फार्मर वॉज मिल्किंग द बफेलो रॅन अवे.’

वाचणारा ‘मिल्किंग द बफेलो’ एका दमात वाचतो, म्हणजे म्हशीची धार चाललीय असं समजतो. पुढं ‘रॅन अवे’ आलं की अडतो. पळालं कोण? मग मागं येऊन पुन्हा वाचावं लागतं. ‘मिल्किंग’नंतर स्वल्पविराम दिला की गुंता उरत नाही: शेतकरी धार काढत असताना म्हैस पळाली. आपल्या ‘असताना’नं जे काम केलं, ते तिथं त्या चिन्हानं केलं.

आता तुमची दोन वाक्यं. पहिल्यात ‘व्हेन द रेन स्टॉप्ड’ हे गौण वाक्य आहे, त्याला स्वतःचा कर्ता आणि क्रियापद आहे. गौण वाक्य प्रधान वाक्याच्या आधी आलं की स्वल्पविराम द्यायचा, दोनच शब्दांचं असलं तरी. तेच मागं गेलं, ‘वुई वेंट टू द फील्ड व्हेन द रेन स्टॉप्ड’, की सहसा देत नाहीत, कारण तिथं ‘व्हेन’च हद्द दाखवतो.

‘इन द मॉर्निंग’ हा नुसता शब्दसमूह आहे, क्रियापद नाही. असा तुकडा छोटा असेल तर दिला तरी चालतो, नाही दिला तरी चालतो. अमेरिकेतल्या प्रकाशकांचा आधार असलेलं शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइलसुद्धा गौण वाक्यानंतर स्वल्पविराम द्यायला सांगतं आणि छोट्या शब्दसमूहाला मोकळीक ठेवतं. ब्रिटिश लिखाणात तर तो आणखी कमी दिसतो. तेव्हा तुमच्या पुस्तकात चूक नाही.

पण छोटा असला तरी वाचताना घोटाळा होत असेल तिथं द्यायलाच हवा. ‘आफ्टर १९९३, ५२ व्हिलेजेस वेअर रीलोकेटेड’. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनाचं हे वाक्य स्वल्पविरामाशिवाय लिहून बघा, दोन्ही आकडे एकमेकांत घुसतात.

पुढचा प्रश्न (लातूर)

सर, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. ‘रीडिंग द न्यूजपेपर एव्हरी डे, इम्प्रूव्ज युवर इंग्लिश’ हे चूक म्हणून दिलं होतं. पण ‘रीडिंग द न्यूजपेपर, ही फेल अस्लीप’ बरोबर! दोन्हींची सुरुवात सारखीच आहे ना?

उत्तर (अंबाजोगाई)

ताई, सुरुवात सारखी आहे, काम वेगळं आहे. पहिला तुकडा बोटानं झाका आणि उरलेलं वाचा. ‘ही फेल अस्लीप’ हे पुरं वाक्य आहे, म्हणून आधी स्वल्पविराम. ‘इम्प्रूव्ज युवर इंग्लिश’ला कर्ताच नाही, कारण झाकलेला तुकडाच कर्ता होता. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम घालायचा नाही.

हीच कसोटी ‘ऑन द बँक ऑफ द गोदावरी स्टँड्स पैठण’ अशा वाक्याला लावा. झाकल्यावर ‘स्टँड्स पैठण’ उरतं. क्रियापद कर्त्याच्या आधी आलंय, म्हणून इथंही स्वल्पविराम नको, तुकडा कितीही लांब असो.

भर (नांदेड)

एक मुद्दा जोडतो. ‘रीचिंग होम, द रेन स्टार्टेड’ असं आपल्याकडं सर्रास लिहितात. स्वल्पविराम जागेवर आहे, तरी वाक्य चूक आहे, कारण इंग्रजीच्या हिशेबानं घरी पाऊस पोचला! ‘घरी पोचल्यावर पाऊस सुरू झाला’ हे मराठीत बिनघोर चालतं, कारण ‘-ल्यावर’ला दुसरा कर्ता चालतो. ‘घरी पोचून पाऊस सुरू झाला’ मात्र आपल्यालाही खटकतं. इंग्रजीतला तो ‘रीचिंग’ आपल्या ‘पोचून’च्या जातीचा आहे. तिथं ‘व्हेन आय रीच्ड होम, द रेन स्टार्टेड’ असं लिहावं.

प्रश्नकर्ता (सेलू, जि. परभणी)

झाकून बघायची कसोटी उद्याच वर्गात घेतो. राहिलं एकच. अर्जात ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘विथ रेफरन्स टू’ यांच्यानंतर काय करायचं? कार्यालयातल्या पत्रांत तिन्हींनंतर स्वल्पविराम दिसतो.

उत्तर (अंबाजोगाई)

तिन्हींची रीत वेगळी आहे. ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’ हा सगळा तुकडा संपल्यावर, म्हणजे तारीखबिरीख लिहून झाल्यावर, पुढं जे ‘आय’नं मुख्य वाक्य सुरू होतं त्या ‘आय’च्या आधी द्या. ‘टू’नंतर कधीच नको. ‘हाउएव्हर’ आपल्या ‘तथापि’च्या अर्थानं आला की द्या. तोच ‘कितीही’च्या अर्थानं आला तर लगेच देऊ नका: ‘हाउएव्हर हार्ड ही ट्राइड, ही फेल्ड’. इथं सगळा तुकडा संपल्यावर तो येतो. आणि ‘बट’ हे नुसतं उभयान्वयी अव्यय आहे, त्याच्यानंतर स्वल्पविराम लागत नाही. ‘बट व्हेन द रेन स्टॉप्ड, वुई वेंट टू द फील्ड’ यात ‘बट’नंतर काही नाही, ‘स्टॉप्ड’नंतर मात्र आहे. हेच वाक्य लेकरांना द्या आणि ‘बट’ला का नाही, ते त्यांनाच सांगू द्या.