अँटूटूत पुढे असलेला फोन हातात घेतला की मागे का पडतो?

टॉवेलवाला_पूर्वभाग

नमस्कार मंडळी, दोन आठवडे झाले फोन बघतोय आणि आता डोकं चालंना, म्हणून इथं विचारतोय. बजेट २० हजार, फार तर २२. आमचं सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचं छोटं युनिट आहे, आठ माग, मी आणि पप्पा मिळून बघतो. गेम अजिबात खेळत नाही. दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाइनचे फोटो पाठवायचे, बाहेरगावच्या व्यापाऱ्याला व्हिडिओ कॉलवर माल दाखवायचा, बिलांच्या पीडीएफ, यूपीआय आणि बँकेचं अ‍ॅप, एवढंच काम. पण ते सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत आणि बराचसा वेळ पत्र्याच्या शेडमध्ये.

दोन फोन नक्की केलेत. पहिल्याचा अँटूटू (फोनचा वेग मोजणारं अ‍ॅप) स्कोअर सात लाखाच्या वर, दुसऱ्याचा पाच लाखाच्या आत, किंमत जवळजवळ सारखी. योगायोगाने पहिला माझ्या मित्राकडे आहे आणि दुसरा चुलतभावाकडे. रविवारी पार्क चौकात चहा घेताना दोन्ही शेजारी ठेवून बघितले तर सात लाखवाल्यात गॅलरी उघडली की आधी पांढरे चौकोन दिसायचे आणि मग फोटो यायचे, पाच लाखवाल्यात फोटो लगेच समोर. स्क्रोल करताना पण पहिला मध्येच अडकल्यासारखा वाटला. मग हा दोन लाखांचा फरक गेला कुठं?

आमच्या धंद्यात मागाच्या पाटीवर आरपीएम लिहिलेलं असतं, पण आम्ही बघतो ते पाळीत किती मीटर कापड निघालं. दोरा सारखा तुटत असेल तर आरपीएम काय कामाचं? फोनचे मीटर कसे मोजायचे ते कोणी सांगेल का?

हुतात्मा_साडेसहा

दादा, तुम्ही उत्तराच्या जवळच आहात. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, शनिवार-रविवार सोलापुरात असतो, हे माझं रोजचं काम आहे म्हणून जरा लांबलचक लिहितो.

अँटूटूचा जो मोठा आकडा दिसतो ती चार भागांची बेरीज असते: सीपीयू (मुख्य प्रोसेसर), जीपीयू, मेमरी आणि यूएक्स (वापरताना फोन किती सहज चालतो ते). जीपीयू म्हणजे मुख्यतः गेमच्या ग्राफिक्सचं इंजिन. पहिल्या फोनची बेरीज जीपीयूच्या जोरावर वाढली असेल तर ते दोन लाख तुमच्या गॅलरीला आणि पीडीएफला काहीच देत नाहीत. मित्राला सांगा नुसती बेरीज नको, चारही भाग वेगवेगळे पाठव. आणि दोन्ही स्कोअर एकाच व्हर्जनवरचे आहेत ना ते बघा, कारण नवव्या व्हर्जनवरून दहाव्यावर गेलं की तोच फोन जास्त आकडा दाखवतो, लोक जुना स्कोअर नव्याशी लावून बसतात आणि फसतात. अजून एक, गूगलने २०२० मध्ये अँटूटू प्ले स्टोअरवरून काढलं होतं, तेव्हा कुठल्याही साइटवरून त्याची फाइल उतरवून घेऊ नका, तुमच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप आहे.

तुमच्या कामाला त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे जीकबेंच ६, ही पण वेग मोजायचीच टेस्ट. त्यात पीडीएफ उघडणं, फोटोंची लायब्ररी, वेबपेज, फाइल कॉम्प्रेस करणं, नकाशावर रस्ता काढणं असली कामं असतात. सिंगल कोरचा (प्रोसेसरच्या एकाच भागाचा) आकडा आधी बघा, अ‍ॅप उघडताना आणि बोटाला उत्तर देताना बहुतेक भार एका-दोन कोरवरच येतो. पण ती टेस्ट पण थोड्या वेळात संपते, म्हणजे फोन तापायच्या आत.

आता तुमच्या दोऱ्याबद्दल. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रेम (एक चित्र) तयार करायला ८.३ मिलीसेकंद मिळतात, ६० हर्ट्झवर १६.७. शंभर फ्रेम वेळेत आल्या आणि एकच फ्रेम उशिरा आली तरी डोळ्याला तेवढीच खटकते. बेंचमार्क, म्हणजे अशी स्कोअर देणारी टेस्ट, मोजतो ते एकूण काम किती झालं, मधली अडखळ त्या आकड्यात विरघळून जाते. तुम्हाला चहाच्या टपरीवर दिसली ती हीच.

आणि आकडा कधी कधी मुद्दाम फुगवलेलाही असतो. २०१३ मध्ये गॅलक्सी एस४ चा जीपीयू ठरावीक बेंचमार्क चालू असतानाच ५३३ मेगाहर्ट्झवर जातो, एरवी गेममध्ये ४८० वर थांबतो, हे उघड झालं होतं. २०१८ मध्ये थ्रीडीमार्क (गेमच्या ग्राफिक्सचा बेंचमार्क) वाल्यांनी हुआवेचे काही फोन स्कोअरच्या यादीतून काढले, २०२१ मध्ये जीकबेंचने वनप्लस ९ काढला कारण क्रोमसारखी रोजची अ‍ॅप्स तो हळू चालवायचा आणि बेंचमार्क मात्र पूर्ण वेगात. २०२२ मध्ये सॅमसंगच्या एस२२ पर्यंतच्या चार पिढ्या अशाच कारणाने गेल्या. म्हणून मी म्हणतो, जे अ‍ॅप तुम्ही रोज उघडता त्यावरच मोजा.

विजापूरनाका_०७

स्कोअर म्हणजे नुस्ती जाहिरात असं होऊ देऊ नका ओ. मी रोज दोन-तीन तास गेम खेळतो, मला स्कोअर लई कामाला येतो, फक्त कुठला घ्यायचा ते कळलं पाहिजे. थ्रीडीमार्कमध्ये वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट आहे, एकेका मिनिटाचे २० राउंड, म्हणजे सलग २० मिनिटं फोन पिळून काढतात. शेवटी स्टॅबिलिटी टक्क्यात देतात, म्हणजे सगळ्यात वाईट राउंड भागिले सगळ्यात चांगला. चांगला राउंड ३००० आणि वाईट १८०० असेल तर ६० टक्के. ते बघितलं की कळतं फोन तापल्यावर किती बसतो.

आणि हे यूट्यूबवाले एसीत बसून करतात. सोलापुरात मे महिन्यात ४२-४३ डिग्री असतं, अ‍ॅपल स्वतः आयफोनसाठी सांगतं की भोवतीचं तापमान ० ते ३५ असावं. आपल्याकडं तर मार्चपासूनच दुपारी फोन तापालाय. त्यामुळं टेस्ट करायची तर दुपारी, कव्हर घालून, पंख्याखाली नाही. एकाच फोनचे सकाळचे आणि दुपारचे राउंड शेजारी लिहून ठेवा मग बघा.

दुसरं असं की फोन तीन-चार वर्षं वापरायचा असेल तर ताकद थोडी जास्तीच असावी, अ‍ॅप्स दरवर्षी जड होतात. मी प्रत्येक अपडेटच्या आधी आणि नंतर माझ्याच फोनचा स्कोअर वहीत लिहितो. दुसऱ्याच्या फोनशी तुलना करण्यापेक्षा स्वतःच्या जुन्या आकड्याशी तुलना जास्त खरी निघते.

मोबाईल_टेबल

मालक, मी अठरा वर्षं रिपेअरिंग करतोय. तुमचे पांढरे चौकोन मला चिपचे वाटत नाहीत, स्टोरेजचे वाटतात.

स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी प्रकारचं स्टोरेज असतं, बऱ्या फोनमध्ये यूएफएस प्रकारचं. ईएमएमसी ५.१ वाचायला साधारण सेकंदाला २५० ते ३०० एमबी, यूएफएस २.२ हजाराच्या आसपास, ३.१ असेल तर दोन हजारापर्यंत जातं. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे आणि ती तुम्हाला लगेच समजेल. ईएमएमसी म्हणजे एकच धोटा, तो एका वेळी एकाच बाजूला जाणार. वाचत असेल तेव्हा लिहू शकत नाही, लिहीत असेल तेव्हा वाचू शकत नाही. यूएफएसमध्ये दोन्ही एकदम चालतं. आता तुमचं काम बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर मागून फोटो उतरतायत आणि पुढं तुम्ही गॅलरी उघडताय, म्हणजे लिहिणं आणि वाचणं एकाच वेळी. तिथंच अडकतं. बॉक्सवर फक्त १२८ जीबी लिहितात, प्रकार लिहीत नाहीत, आणि कधी कधी एकाच मॉडेलच्या कमी आणि जास्त जीबीत प्रकार वेगळा निघतो. कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनमध्ये शोधा, घेताना दुकानदाराला विचारा, सांगता आलं नाही तर थांबा.

मित्राचा फोन किती भरलाय ते पण बघा. मेमरी गच्च भरली की चांगलं स्टोरेजही हळू होतं, नवीन लिहायला मोकळी जागा शोधावी लागते. माझ्याकडे स्लो म्हणून येणाऱ्या फोनमध्ये बऱ्याचदा एवढंच असतं, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंगचे फोटो. आणि बॅटरी. बॅटरी जुनी झाली की एकदम जोर लागला की व्होल्टेज खाली बसतो, फोन बंद पडू नये म्हणून मग वेग कमी करावा लागतो. अ‍ॅपलने २०१७ मध्ये जुन्या आयफोनबाबत हे मान्यच केलं होतं.

तुमचा आत्ताचा फोन किती वर्षांचा आणि किती भरलाय?

टॉवेलवाला_पूर्वभाग

साडेतीन वर्षांचा. आत्ता बघितलं, १२८ पैकी १२१ भरलेत. मित्राचा पण जवळपास भरलेलाच आहे, चुलतभावाचा अर्धा रिकामा. म्हणजे रविवारची तुलनाच बरोबर नव्हती. धोट्याचं एकदम पटलं. मला सांगा, मग बरोबरीने मोजायचं कसं? आणि दोन्ही फोनवर ८+८ जीबी रॅम लिहिलंय, ते १६ धरायचं का?

शेंगाचटणी_जुळेसोलापूर

दादा, ते १६ धरू नका. वरचे आठ म्हणजे स्टोरेजमधलाच तुकडा रॅम म्हणून वापरतात, आणि स्टोरेज खऱ्या रॅमपेक्षा फार हळू असतं. मी घरून चटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डर घेते. माझ्या फोनचा स्कोअर चांगला होता, तरी बँकेच्या अ‍ॅपमधून ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेले की परत येईपर्यंत अ‍ॅप पहिल्यापासून सुरू व्हायचं. गिऱ्हाईक दारात उभं आणि माझं पेमेंट तिसऱ्यांदा. पुतण्याने सेटिंग बघितली तर फोन बॅटरी वाचवायला मागची अ‍ॅप्स बंद करत होता. त्या अ‍ॅपपुरती बॅटरीची मर्यादा काढली आणि तेव्हापासून नीट चाललंय. हे कुठल्याच स्कोअरमध्ये दिसलं नव्हतं, म्हणून फोन घ्यायच्या आधी दहा अ‍ॅप्स उघडा, परत पहिल्यावर या आणि ते होतं तिथंच आहे का बघा.

हुतात्मा_साडेसहा

ताईंनी सांगितलं ते पहिल्या नंबरवर घ्या. बाकी मोजायचं असं: दोन्ही फोनमध्ये निदान पंचवीस-तीस जीबी रिकामे करा, बॅटरी सेव्हर बंद, चार्जिंग सारखं, वायफाय एकच, कारण यूपीआय उघडायला लागणारा अर्धा वेळ नेटचाच असू शकतो. दोन्ही रीस्टार्ट करून दहा मिनिटं तसेच ठेवा. मग तिसऱ्या फोनवर स्लो मोशन लावून दोन्ही एकाच फ्रेममध्ये शूट करा, २४० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर एक फ्रेम साधारण ४ मिलीसेकंद, बोट टेकल्यापासून फोटो दिसेपर्यंत फ्रेम मोजा. स्टॉपवॉच नको, अंगठाच चुकतो. प्रत्येक गोष्ट पाच वेळा करा आणि मधला आकडा धरा, सगळ्यात चांगला नाही. शेवटी २० मिनिटं व्हिडिओ कॉल आणि लगेच सगळं परत.

टॉवेलवाला_पूर्वभाग

केलं मंडळी. चार दिवस लागले, कारण दोघांचे फोन एका वेळी मिळायला तयार नव्हते. मित्राला फोनमधले जुने व्हिडिओ लॅपटॉपवर टाकून दिले आणि शुक्रवारी दुपारी एक वाजता शेडमध्ये बसलो, वर पत्रा, बाजूला माग चालू.

थंड असताना सात लाखवालाच पुढे. गॅलरीत पांढरे चौकोन आता जवळजवळ नाहीत, म्हणजे टेबलवाल्या काकांचं खरं निघालं, मेमरी भरल्यामुळंच होतं ते. यूपीआयचं स्कॅनर उघडायला दोघांत फरक म्हणावा असा नाहीच, कधी हा पुढे कधी तो. मग २० मिनिटं व्हिडिओ कॉल केला, खरोखरच्या व्यापाऱ्याशी, माल दाखवत. सात लाखवाला मागून इतका तापला की धरवेना, स्क्रीन आपोआप मंद झाली, आणि त्यानंतर कॅमेरा उघडायला त्याला आधीपेक्षा दुप्पट वेळ लागला. पाच लाखवाला कोमट झाला, वेळ जवळजवळ तेवढाच. पाच वेळा केलं, पाचही वेळा असंच. संध्याकाळी घरी गच्चीवर परत केलं तर फरक फारच कमी झाला, सात लाखवाला कॉलनंतरही बऱ्यापैकी टिकला.

म्हणजे दोन्ही फोन वाईट नाहीत. ऑफिसात बसून काम असतं तर मी पहिलाच घेतला असता, विजापूरनाका भाऊ म्हणतात ते जास्तीच्या ताकदीचं मला पटतंय. पण माझं काम शेडमध्ये आहे, दुपारी आहे आणि व्हिडिओ कॉल मध्येच अडकला की ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. दुसरा घेतोय. स्टोरेज यूएफएस २.२ आहे, साइटवर बघून खात्री केली.

एक राहिलं, माझा जुना फोन पप्पांना द्यायचाय, त्यांना कॉल, व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआय एवढंच. मेमरी रिकामी केली तर बराच सुधारला पण वीस टक्क्यांवर आला की एकदम बंद पडतो. त्यात पैसे घालू का?

विजापूरनाका_०७

भारी केलंत ओ, असं मोजणारा माणूस मी बघितला नव्हता. नवीन फोन शेडमध्ये चार्जिंगला लावून कॉल करू नका फक्त, चार्जिंगची गरमी वेगळी आणि कॉलची वेगळी, दोन्ही एकदम चढतात.

मोबाईल_टेबल

मालक, वीस टक्क्यांवर बंद पडतो म्हणजे बॅटरीच गेलीय, बोर्ड नाही. बॅटरी बदला, पण ओरिजिनल किंवा चांगल्या मेकचीच टाका, आणि मागचं झाकण थोडंसं जरी फुगल्यासारखं दिसत असेल तर आजपासूनच चार्जिंगला लावू नका. द्यायच्या आधी फोटोंचा बॅकअप घेऊन फोन रीसेट करा. यूपीआय पप्पांच्या सिमवरून नव्याने लावावं लागेल, त्यांचं सिम त्याच फोनमध्ये असू द्या, म्हणजे व्हेरिफिकेशनचा मेसेज तिथूनच जाईल.