भूतानला आईबाबांना नेतोय, काय काय बघून ठेवू?

भटक्या_सातारकर:
मंडळी, ऑक्टोबरमध्ये भूतानचं ठरतंय, थिम्फू-पुनाखा-पारो असं ७ रात्री. आम्ही दोघं, मुलगी ७ वर्षांची आणि आईबाबा (बाबा ६९, बीपीची गोळी चालू). आईला टायगर्स नेस्ट (पारोजवळचा कड्यावरचा मठ) बघायचंच आहे. आधार चालतं का? आणि खर्चाचा अंदाज द्या प्लीज.

मिरजेची_सूनबाई:
दादा आधार नाही चालत!! पासपोर्ट नाहीतर व्होटर आयडी, आणि लेकीचा पासपोर्ट नसेल तर ओरिजिनल जन्मदाखला. आम्हाला एजंट म्हणाला होता आधार बास, आणि सीमेवरच्या फुंटशोलिंग गावातल्या परमिटच्या काउंटरवर सासऱ्यांचं व्होटर कार्ड मिरजेत कपाटात, फोनवर नुसता फोटो, तो काही त्यांनी घेतला नाही. बाकीच्यांचे परमिट झाले, सासरे एकटे खुर्चीत बसून राहिले, आत्ता आठवलं तरी पोटात कालवतं. म्हणून सांगते, कार्डं आजच काढून बघा, नावाचं स्पेलिंग तिकिटाशी जुळतंय का तेही.
आणि आपल्याला एसडीएफ (भूतान सरकारची पर्यटकांवरची रोजची फी) पडतो, माणशी रात्रीला १२०० रुपये, ६ ते १२ वयाला निम्मा. म्हणजे तुमचे चार मोठे आणि लेक मिळून ७ रात्रींचे ३७,८०० नुसते फीचेच, हॉटेल गाडी वेगळी.

डोंगरवेडा_काका:
सूनबाईंनी कागदांचं सांगितलं, मी चढाचं सांगतो. टायगर्स नेस्ट (तिकडे तक्त्सांग म्हणतात) ३१२० मीटरवर आहे, पारोपासूनच जवळजवळ ९०० मीटर वर. ते शेवटी ठेवा, आधी थिम्फू पुनाखा करा, अंगाला हवेची सवय होते. सकाळी लवकर निघा. घोडा मिळतो पण तो फक्त अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंत, पुढे सगळं पायी, शेवटी शेकड्यांनी पायऱ्या उतरायच्या नि परत चढायच्या, आणि उतरताना घोडा नाहीच. माझी बायको गुडघ्यामुळे कॅफेटेरियातच थांबली, समोरच्या कड्यावर मठ, हातात चहा, दोन तास बघत बसली, म्हणाली माझं दर्शन झालं. तुमच्या आईंनाही आधीच मोकळेपणी सांगून ठेवा की तिथपर्यंत आलं तरी पुष्कळ आहे, वर ओढत नेऊ नका. बाबांचं डॉक्टरांना विचारूनच.
मठात फुल पँट, फुल बाह्या, टोपी काढायची, आत फोटो नाही.

भटक्या_सातारकर:
काका, ताई, खूप आभार. आत्ताच शोधलं, आईच्या व्होटर कार्डावर माहेरचं नाव आहे!! उद्याच दुरुस्तीचा फॉर्म भरतो. जेवणाचं काय, आई शुद्ध शाकाहारी?

मिरजेची_सूनबाई:
केवा दात्शी मागा, बटाटा आणि चीज, मिरची कमी सांगा. एमा दात्शीत मिरची हीच भाजी असते, लेकीला नका देऊ. मेतकूट न्या, लाल भाताशी मस्त लागतं. आणि न्गुलत्रुम (तिकडचं चलन) उरवू नका, आपल्या रुपयाच्याच भावाचं आहे पण इकडे कोणी घेत नाही.