माळ्यावर खड्गपात्र सापडलं आहे, काय करावं?

नौपाडावासी

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, वय ६१. आमची इमारत पाडायला घेणार आहेत, महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. त्यामुळे गेले पंधरा दिवस माळा उपसणं चालू आहे. घंगाळं, पाटा-वरवंटा, जुन्या पंचांगांचे गठ्ठे, सगळं खाली आलं. त्यातच आजेसासऱ्यांची संध्येची पेटी निघाली. ते १९७४ साली गेले, मी त्यांना पाहिलेलं नाही.

पेटीत पळी-पंचपात्र, ताम्हन, गोपीचंदनाचा खडा आणि पंचाच्या तुकड्यात गुंडाळलेलं होडीच्या आकाराचं एक पात्र होतं. वीतभर लांब. आधी लाकडाचं वाटलं, पण हाताला लाकडासारखं कोरडं लागत नाही, तुळतुळीत आहे. खिडकीशी उजेडात धरलं की कड जिथे पातळ आहे तिथे काकवीसारखा रंग दिसतो आणि आत केसासारख्या बारीक रेघा. तळाशी एक तीळ चिकटून बसला होता, तो मी काडीने काढला.

पितृपक्षाचं करायला गुरुजी आले तेव्हा त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, हे खड्गपात्र. खड्ग म्हणजे गेंडा. त्याच्या शिंगाचं पात्र तर्पणाला फार श्रेष्ठ मानलंय. आता कुणाकडे बघायला मिळत नाही."

मुलाने त्याचा फोटो जुन्या वस्तू घेणाऱ्या एका माणसाला पाठवला. अर्ध्या तासात फोन आला. अडीच लाख, रोख, पावती मिळणार नाही, आणि वजन करून कळवा. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. चांगल्या वस्तूला पावती का नको?

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हे घरात असणं गुन्हा आहे का? दुसरं, मुलगा म्हणतो, "आई, हा गेंडा मरून शंभर वर्षं झाली असतील. आपण विकलं काय नि ठेवलं काय, त्याला काय फरक पडतो?" मला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही देता आलं नाही.

घोडबंदरकर

काकू, घाबरू नका. बहुतेक वेळा असल्या वस्तू म्हशीच्या शिंगाच्या निघतात. सुई लाल होईपर्यंत तापवा आणि तळाला टोचा. केस जळल्यासारखा वास आला तर खरं.

वनपाल_निवृत्त_ऐरोली

ताई, सुई अजिबात टोचू नका. म्हशीचं शिंग काय, गेंड्याचं काय, आपलं नख काय, सगळं केराटिनच. तिन्हींना तोच वास येणार, आणि वस्तूला भोक पडलं की उद्या तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल.

फरक बनावटीत असतो. म्हशीचं शिंग आतून पोकळ असतं, कारण ते हाडावर चढलेलं असतं. गेंड्याच्या शिंगात हाड नसतं. केसासारखे तंतू एकमेकांना घट्ट चिकटून ते भरीव वाढतं. तुम्ही ज्या बारीक रेघा सांगताय त्यावरून मला शंका येते, पण फोटोवरून छातीठोक कोणी सांगू नये. डीएनए तपासणीसाठी नमुना डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे जातो. तो नमुना खात्याने घ्यायचा, घरच्यांनी खरवडायचं नाही.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. गेंडा अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत. घरात अशी वस्तू असलेल्यांनी तेव्हाच जाहीर करायची होती. ज्यांची राहिली त्यांना २००३ मध्ये आणखी एकदा १८० दिवसांची मुदत मिळाली. वारशाने वस्तू आली तर वारसाने ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना लेखी कळवायचं असतं. मालकीचं प्रमाणपत्र असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर वस्तू स्वेच्छेने सरकारजमा करता येते, मोबदला मिळत नाही. तुमच्याकडे प्रमाणपत्र असण्याची शक्यता कमी, तरी पेटीच्या तळाशी, पंचांगांत एखादा कागद आहे का ते नीट बघा. विक्री मात्र कोणत्याही वाटेने बसत नाही. शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि किमान २५ हजार दंड. फोटो मुलाने पाठवला आहे, म्हणून जास्त दिवस घालवू नका. पेटी कधी उघडली, पात्र कशात गुंडाळलेलं होतं, फोटो कुणाला गेला, सगळं जसं घडलं तसं एका अर्जात लिहा आणि ठाण्याच्या उपवनसंरक्षक कार्यालयात जा. सोबत एखादा वकील असू द्या. आधी बोलायचं असेल तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे.

आता मुलाचा प्रश्न. तो चुकीचा नाही, मलाही नोकरीच्या सुरुवातीला असंच वाटायचं. पण त्या माणसाने वजन का विचारलं, याचा विचार करा. जुन्या वस्तूंचा खरा शौकीन कोरीवकाम विचारेल, किती जुनं विचारेल. वजन विचारणाऱ्याला पात्र नकोच आहे, त्याला शिंग हवंय. ते फुटणार, त्याची पूड होणार आणि व्हिएतनाम किंवा चीनमध्ये औषध म्हणून, नाहीतर श्रीमंती दाखवायला भेट म्हणून जाणार. ज्याने घेतलं तो चार महिन्यांनी पुन्हा मागणार. तुमच्याकडे दुसरं खड्गपात्र नाही. मग ते कुठून येणार? जिवंत जनावराच्या नाकावरून.

व्हिएतनामचा स्वतःचा गेंडा होता, जावाच्या जातीचा. शेवटचा २०१० मध्ये कॅट तिएनच्या जंगलात मेलेला सापडला. पायात गोळी, शिंग कापून नेलेलं. मागणीने घरचाही सोडला नाही.

मी गेंड्याच्या जंगलात नोकरी केली नाही, माझी सगळी वर्षं शहापूर-मुरबाडकडे गेली. पण आपल्याकडे खवले मांजर आहे, तेही अनुसूची १ मध्ये. त्याचे खवले म्हणजे तेच केराटिन, गिऱ्हाईकही तिकडचंच. एकदा आम्ही एक गोणपाट उघडलं तर आत जिवंत खवले मांजर, अंग वळून चेंडूसारखं घट्ट झालेलं. वाघाच्या जबड्यापासून वाचायला निसर्गाने त्याला हे शिकवलंय. माणसाने मात्र ते तसंच उचलून गोणीत टाकलं होतं. दोन तास आम्ही लांब उभे राहिलो तेव्हा कुठे त्याने नाक बाहेर काढलं. पकडून देणारा पाड्यावरचा पोरगा होता. त्याला हातात काय पडणार होतं ते ऐकून मला रडू आलं. त्याच्या वरचे तिघे-चौघे पैसा खातात आणि तुरुंगात जातो तो. तुम्हाला फोन करणारा माणूस त्या वरच्यांपैकीच आहे. त्याचा नंबर पुसू नका.

नेरूळची_अनघा

ताई, वनपालसाहेबांनी कायद्याचं सांगितलंच आहे. मी फक्त जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही काझीरंगाला गेलो होतो, कोहोरा भागात. सकाळी धुकं होतं. जीप थांबली आणि वीस-पंचवीस पावलांवर मादी पिल्लासकट उभी. तिच्या अंगावरच्या घड्यांत चिखल वाळून भेगा पडल्या होत्या आणि पिल्लाच्या नाकावर शिंग नव्हतंच, नुसता अंगठ्याएवढा उंचवटा. मादी पंधरा-सोळा महिने गाभण असते आणि दोन पिल्लांत तीनेक वर्षं जातात. म्हणजे एका रात्रीत एक मादी गेली तर भरून यायला किती वर्षं लागतील, ते मुलालाच मोजायला सांगा.

गाइडने वाटेत शेणाचा एक मोठा ढीग दाखवला. गेंडे रोज ठरल्या जागीच विष्ठा टाकतात, ती त्यांची एकमेकांना निरोप द्यायची जागा. शिकाऱ्यालाही हे माहीत असतं. तो तिथेच जवळ गवतात दबा धरून बसतो. बिचाऱ्याची सवयच त्याच्या जिवावर उठते. मला हे ऐकून फार लागलं. शिंग कापायला काही मिनिटं पुरतात आणि कधीकधी जनावर तेव्हा जिवंत असतं. तिथून शिंग नागालँडमधलं दिमापूर, मणिपूरमधलं मोरे, मग म्यानमार.

पण हेही सांगते की हे थांबवता येतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काझीरंगात गेंडे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते असं म्हणतात. २०२२ च्या गणतीत २,६१३ भरले. २०१३ आणि २०१४ या दोन्ही वर्षी आसामात पंचविसाहून जास्त गेंडे मारले गेले होते, आणि २०२२ मध्ये एकही नाही. हे जंगलातल्या चौक्यांत राहणाऱ्या गार्डांनी केलं. आम्ही एक चौकी लांबून पाहिली. खांबांवर उभी लाकडी खोली, खाली होडी उलटी ठेवलेली. फेब्रुवारीत होडी कशाला, मी विचारलं. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेचं पाणी तिथे गळ्यापर्यंत येतं. जनावरं महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या डोंगराकडे जातात, तेव्हा ट्रकवाल्यांना वेळेचं कार्ड देतात. ठरलेल्या वेळेआधी पलीकडे पोचलात म्हणजे गाडी वेगात हाकलीत, मग दंड. गार्ड त्या पाण्यातही चौकी सोडत नाहीत.

आणि २२ सप्टेंबर २०२१ ला, जागतिक गेंडा दिनी, आसाम सरकारने बोकाखातला २,४७९ शिंगं जाळली. अनेक वर्षं कोषागारांत साठलेली होती. अभ्यासाला आणि कोर्टाच्या पुराव्याला लागतील तेवढी ठेवली, बाकी चितेवर. मुलाचाच प्रश्न तिथेही होता ना? तेही गेंडे केव्हाचे मेलेले. विकली असती तर केवढा पैसा आला असता. तरी जाळली, बाजाराला कळावं म्हणून की ही वस्तू औषध नाही आणि सरकार ती विकणार नाही.

घोडबंदरकर

सुईचं मागे घेतो, काकू. चुकीचं सांगितलं. नौपाड्यातून गाडी वगैरे लागली तर सांगा, मी सोडीन.

नौपाडावासी

सगळ्यांचे मनापासून आभार. अनघा, तुझं लिहिलेलं मुलाला फोनवर वाचून दाखवलं. पिल्लाच्या नाकावरच्या अंगठ्याएवढ्या उंचवट्यापाशी तो गप्प झाला. त्याला स्वतःची मुलगी दोन वर्षांची आहे.

पंचांगांचे सगळे गठ्ठे चाळले, कागद सापडला नाही. परवा मुलगा पुण्याहून आला, घोडबंदरकरांनी गाडी आणली, आणि आम्ही तिघे वकिलांना घेऊन गेलो. अर्जात मी आजेसासऱ्यांच्या पेटीपासून त्या फोनपर्यंत सगळं लिहिलं होतं. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही. पंचनामा केला, पट्टीने लांबी घेतली, वजन केलं, माझ्यासमोर सील लावलं. नमुना डेहराडूनला जाणार आहे. पुढे बोलावतील तेव्हा यावं लागेल म्हणाले, येईन. पोच मिळाली.

ते पात्र देताना हात थोडा थांबला, खोटं कशाला बोलू. आजेसासऱ्यांनी चाळीसेक वर्षं त्यातून पाणी सोडलं असेल. साहेबांना मी विचारलं, पंचाचा तुकडा परत मिळेल का? त्यांनी लगेच दिला.

गुरुजींना सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सांगितलं की पात्र घरात नाही. थोडे हळहळले, मग म्हणाले, "चांदी पितरांना तितकीच प्रिय, वहिनी. वाटी आहे ना?" नातीच्या उष्टावणाची वाटी होती. तीळ-पाणी त्यातून सोडलं.

वनपालसाहेब, तुम्ही नंबर पुसू नका म्हणालात ते फार बरं झालं. त्या माणसाचा काल पुन्हा फोन आला, तीन लाख म्हणाला. मी काही बोलले नाही. फोन ठेवला आणि नंबर, वेळ, सगळं लिहून कार्यालयात देऊन आले.