मिंट बसवल्यापासून लॅपटॉपचे घड्याळ कधी बरोबर, कधी साडेपाच तास पुढे

द्राक्षवही

सर्वांना नमस्कार. मी लिनक्समध्ये अगदी नवखा आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे. माझा लॅपटॉप २०१५ सालचा आहे. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले आणि या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणून दिवाळीत पुतण्याच्या मदतीने त्यावर लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवली. विंडोज मात्र काढलेले नाही, कारण द्राक्षबागेतल्या हवामान यंत्राची माहिती उतरवून घेणारे सॉफ्टवेअर फक्त त्यावरच चालते.

घर नाशिकच्या पंचवटीत आणि बाग दिंडोरी तालुक्यात असल्याने लॅपटॉप रोज ये-जा करतो. घरी इंटरनेट आहे. बागेत मोबाईलची रेंज असली तर असते. फवारणी झाली की मी तिथेच बसून लिबरऑफिस कॅल्कमध्ये औषध, प्रमाण, तारीख आणि वेळ अशी नोंद करतो. तारीख व वेळ हाताने लिहीत नाही. कंट्रोल आणि अर्धविरामाची कळ दाबून तारीख, तर त्याच्या जोडीला शिफ्ट दाबून वेळ भरतो.

गेल्या आठवड्यात वही चाळताना लक्षात आले की ६ नोव्हेंबरला संध्याकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी ब्लोअर (फवारणीचे यंत्र) बंद करून केलेली नोंद ७ नोव्हेंबर, रात्री १२ वाजून २० मिनिटे अशी पडली आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या रोगासाठी फवारण्या पाठोपाठ होतात आणि माझी बाग निर्यातीसाठी नोंदवलेली आहे. तारीखच सरकली तर काढणीपूर्व कालावधीचे, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस चुकतात आणि तपासणीला वही दाखवताना मला उत्तर देता येणार नाही. विचित्र भाग असा की सगळ्या नोंदी चुकलेल्या नाहीत. उलट काही वेळा मिंटमध्ये वेळ अचूक असते आणि विंडोज मागे पडलेले दिसते. शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले, तर त्यांनी तपासल्याशिवायच मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला. खरोखर तसे काही असेल का?

सातपूरचा तारतंत्री

मदरबोर्डचा विचार सध्या बाजूला ठेवावा. दहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये घड्याळ बिघडले की माझा पहिला संशय सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलवर जातो. लॅपटॉप बंद असताना मदरबोर्डवरचे घड्याळ त्याच्यावर चालते आणि तो उतरला की वेळ हरवते. मागचे झाकण उघडणे जमत असल्यास मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. सेल ३ व्होल्टचा असतो; काटा बराच खाली असेल तर सेल बदलून टाकावा, खर्च किरकोळ आहे.

द्राक्षवही

तातडीच्या उत्तराबद्दल आभार. आमच्याकडे पंपाच्या स्टार्टरसाठी मल्टिमीटर असतोच, त्यामुळे लगेच पाहिले. व्होल्टेज ३.०४ आले. खात्रीसाठी रात्रभर बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढून ठेवले. सकाळी बायोसमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये) पाहिले, तर जी वेळ होती ती व्यवस्थित पुढे चालत होती.

गोदाकाठ

सेल निर्दोष आहे, आणि तसा अंदाज आपल्या पहिल्या संदेशावरूनही करता आला असता. उतरलेला सेल तारखेला कित्येक वर्षे मागे नेतो आणि त्याची चूक दर वेळी निराळी असते. आपल्याकडे संध्याकाळच्या ६:५० चे रात्रीचे १२:२० झाले, म्हणजे फरक नेमका साडेपाच तासांचा आहे, आणि भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या तेवढीच पुढे आहे. हाच दोष जपानमध्ये नऊ तासांचा दिसला असता.

तरी अंदाजावर औषध देऊ नये, म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी मिंट पुढे गेलेले दिसेल तेव्हा इंटरनेट जोडण्याआधी टर्मिनल उघडून ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकावी आणि जे दिसेल ते मनगटावरच्या घड्याळासह इथे लिहावे. त्या दिवशी त्याआधी विंडोज चालू केले होते का, हेही आठवून सांगावे.

द्राक्षवही

आज बागेत तसे झाले. मनगटावर ६:४० होते. टर्मिनलमध्ये स्थानिक वेळ उद्याच्या तारखेची ००:१०, जागतिक वेळ १८:४०, आरटीसी वेळ १८:४०, वेळक्षेत्र आशिया/कोलकाता, घड्याळ जुळवलेले आहे का या ओळीपुढे ‘नो’ आणि आरटीसी स्थानिक वेळेत आहे का या शेवटच्या ओळीपुढेही ‘नो’. दुपारी घरी विंडोजवर हवामानाची माहिती उतरवली होती.

गोदाकाठ

आपण दिलेल्या आकड्यांत सगळे उत्तर आहे. आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरचे ते सेलवर चालणारे घड्याळ. त्याला वेळक्षेत्र ठाऊक नसते; ते नुसते आकडे पुढे ढकलते आणि त्या आकड्यांचा अर्थ लावण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमवर असते. आता १८:४० ही आपल्या मनगटावरची वेळ त्या घड्याळात आहे, मात्र मिंट तिला जागतिक वेळ समजते, तिच्यात साडेपाच तास मिळवते आणि मध्यरात्र उलटल्याचे सांगते. मिंटचा हिशेब चुकलेला नाही, हाती आलेला आकडा दुसऱ्या रिवाजाचा आहे.

हा रिवाजांचा फरक जुना आहे. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीवर सेलवरचे घड्याळ मिळू लागले, तेव्हा डॉसने त्यात स्थानिक वेळ ठेवली आणि विंडोजने तीच वहिवाट आजवर चालवली. युनिक्सच्या घराण्यात वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांची मोजदाद, तीही जागतिक वेळेनुसार. स्थानिक वेळ फक्त दाखवण्यापुरती काढली जाते, आणि लिनक्सने १९९१ पासून हीच रीत पाळली. एकेकटे असताना दोघांनाही काही अडचण येत नाही. आपण दोघांना एका घरात ठेवून भिंतीवर घड्याळ मात्र एकच लावले आहे.

कधी बरोबर आणि कधी चूक असे का होते, हेही यातूनच उलगडते. विंडोज घरी इंटरनेटवरून वेळ जुळवते तेव्हा ते आरटीसीत आपली स्थानिक वेळ लिहिते. त्यानंतर बागेत रेंज नसताना मिंट उघडले की ते साडेपाच तास पुढे जाते. याउलट मिंट घरी इंटरनेटला जोडले की वेळ लगेच जुळते आणि त्यानंतर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर ११ मिनिटांनी जागतिक वेळ आरटीसीत लिहीत राहते. त्या दिवशी नंतर उघडलेले विंडोज साडेपाच तास मागे दिसते. जो शेवटी इंटरनेटवर गेला, त्याची वेळ घड्याळात राहते.

उपाय विंडोजकडून करावा असे माझे मत आहे, कारण आपल्याकडे ते आता पाहुणे आहे. विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्ज बदलणारा रजिस्ट्री एडिटर उघडून लोकल मशीन, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइम झोन इन्फर्मेशन या वाटेने जावे, तिथे ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ या नावाची, चारही शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहिलेली डीवर्ड (आकडा ठेवणारी) नोंद करावी आणि तिची किंमत १ ठेवावी. नंतर शट डाउन करू नये, रिस्टार्ट करावे. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असल्यास शट डाउनमध्ये ते पूर्ण बंद होत नाही, नुसते झोपते. मिंटमधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नसेल तर त्याचेही कारण बहुधा हेच असते, तेव्हा ती सोय बंदच केलेली बरी.

सातपूरचा तारतंत्री

सेलबाबतचा माझा अंदाज चुकला, हे मान्य. मात्र उपायाबाबत माझे मत निराळे आहे. नवख्या माणसाला रजिस्ट्रीत पाठवण्यापेक्षा मिंटमध्येच एका आज्ञेने काम होते: ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’. ही आज्ञा दिल्यावर मिंट इशारा देते की स्थानिक वेळेची ही पद्धत पूर्णपणे सांभाळता येत नाही. त्या इशाऱ्याचे मुख्य कारण उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करणाऱ्या देशांचे आहे, कारण तिथे दोन्ही सिस्टीम तोच तास दोनदा सरकवू शकतात. आपल्याकडे बारमाही एकच वेळ असते.

गोदाकाठ

भारतापुरते आपले म्हणणे बरोबर आहे आणि त्या मार्गानेही काम चालेल. जाता जाता एक गंमत: ही एकच वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नाशिक साधारण ७३.८ अंशांवर, म्हणजे अंशाला चार मिनिटे धरून आपण सूर्याच्या हिशेबाने ३५ मिनिटे मागे आहोत. आपल्या माथ्यावर सूर्य येतो तेव्हा मनगटावर सरासरीने १२:३५ झालेले असतात. तेव्हा प्रमाणवेळ हाही शेवटी मान्य केलेला रिवाजच आहे, आणि प्रश्न फक्त दोन्ही सिस्टीमनी एकच रिवाज पाळण्याचा आहे. म्हणून या दोन उपायांपैकी कोणताही एकच करावा.

द्राक्षवही

ही शेवटची ओळ वाचण्याआधीच मी दोन्ही उपाय करून बसलो. आता विंडोज साडेपाच तास पुढे दिसते आणि आज बागेत मिंट प्रथमच मागे पडले. संध्याकाळच्या सहा वाजता दुपारचे साडेबारा दाखवत होते.

गोदाकाठ

काळजी नसावी, दोघांनी एकमेकांची रीत उचलली आहे, एवढेच झाले. विंडोज आता जागतिक वेळ लिहिते आणि मिंट स्थानिक वेळ वाचते, म्हणून चूक तेवढीच राहून दिशा उलटली. रजिस्ट्रीतली नोंद राहू द्यावी. मिंट आधी इंटरनेटला जोडावे, पडद्यावरची वेळ मनगटाशी जुळल्याची खात्री करावी आणि मगच तारतंत्री यांची आज्ञा शेवटी १ च्या जागी ० लिहून पुन्हा द्यावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ही आज्ञा त्या क्षणी सिस्टीमची जी वेळ असेल तीच आरटीसीत उतरवते. चुकीची वेळ असताना दिली तर चूकच पक्की होते.

द्राक्षवही

तसे केले. त्यानंतर तीन दिवस मुद्दाम सकाळी विंडोज आणि संध्याकाळी बागेत इंटरनेटशिवाय मिंट, असे आलटून पालटून चालवून पाहिले. दोन्हीकडे वेळ बरोबर आहे. आरटीसीची ओळ आता मनगटापेक्षा साडेपाच तास मागे दिसते आणि ती तशीच दिसली पाहिजे, हे समजले. आता मागच्या २३ नोंदींचे काय करावे? सरसकट साडेपाच तास वजा केले तर बरोबर नोंदी बिघडतील.

नाशिकरोडची रात्रपाळी

मी आतापर्यंत नुसते वाचत होते, परंतु हिशेबाच्या फायली हा माझ्या कामाचा भाग असल्याने यावर लिहिते. मूळ रकान्यांना हात लावू नये. शेजारी नवा रकाना घेऊन ज्या ओळी निश्चित चुकलेल्या आहेत तेवढ्यांतच तारीख आणि वेळ यांची बेरीज करावी व तिच्यातून ‘टाइम’ या सूत्राने पाच तास तीस मिनिटे वजा करावीत. नुसत्या वेळेतून वजा करून भागणार नाही, कारण मध्यरात्र ओलांडलेल्या नोंदींत तारीखही मागे यायला हवी. रकान्याचे स्वरूप तारीख व वेळ असे एकत्र ठेवावे आणि दुरुस्तीचे कारण एका ओळीत लिहावे. तपासणाऱ्याला मुकाट्याने बदललेल्या आकड्यापेक्षा जुना आणि नवा आकडा शेजारी दिसलेला चालतो.

कोणत्या नोंदी चुकल्या, हे मिंटच्या नोंदवहीतून बरेचसे कळते. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने ‘सिस्टमडी-टाइमसिंकडी’ या सेवेच्या ओळी पाहाव्यात. इंटरनेटवरून वेळ पहिल्यांदा जुळली की तिथे तशी ओळ पडते. घड्याळ पुढे गेलेले असेल तर त्या जागी वेळ एकदम साडेपाच तास मागे आलेली दिसते, आणि लॅपटॉप सुरू झाल्यापासून त्या ओळीपर्यंत केलेल्या नोंदी चुकीच्या ठरतात. ज्या दिवशी अशी ओळच नाही, त्या दिवसाच्या नोंदी आठवणीने ठरवाव्या लागतील.

द्राक्षवही

काल रात्री बसून सगळे तपासले. मध्यरात्रीनंतरच्या सात नोंदींबद्दल शंकाच नव्हती, कारण त्या वेळी मी एकदाही ब्लोअर चालवलेला नाही. त्या सातही फवारण्या आता एक दिवस आधीच्या तारखेला गेल्या. म्हणजे काढणीपर्यंतचे दिवस वहीत एकेक कमी दिसत होते, जास्त नव्हे; तेवढ्या बाबतीत चूक सुरक्षित बाजूची निघाली. आणखी दोन नोंदी वेळ जुळल्याच्या ओळीवरून लागल्या.

अडकल्या त्या दुपारी १२:४० आणि १:०५ च्या दोन नोंदी. साडेपाच तास काढले तर त्या सकाळच्या ७:१० आणि ७:३५ च्या होतात, पण ढगाळ हवेत मी दुपारीही फवारतो. त्या दोन्ही दिवशी इंटरनेट जोडलेच नव्हते. शेवटी आठवले की मुलगी दर फवारणीला औषधाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो मोबाईलवर काढून ठेवते. पहिला फोटो सकाळी ६:२० चा निघाला, म्हणून ती नोंद दुरुस्त केली; दुसरा दुपारी १२:१५ चा होता, म्हणून ती तशीच ठेवली.