जळालेल्या सेजब्रशच्या रानात काय पेरायचं? देशी बियाण्याचा हट्ट सोडावा का?

गवत्या (धागाकर्ता)

अमेरिकेच्या पश्चिमेकडचं ग्रेट बेसिन, म्हणजे नेवाडा आणि त्याला लागून युटा, आयडाहो, ऑरेगनचे भाग. तिथलं मूळ चराऊ रान सेजब्रशचं. राखी रंगाची गुडघा-कंबरभर झुडपं, मधे बारमाही गवताचे ठोंब आणि ठोंबांमधल्या मोकळ्या जमिनीवर शेवाळ-दगडफुलाची पातळ खपली. गुरांच्या खुरांनी ती खपली मोडली, ठोंब चरून विरळ झाले आणि त्या जागेत युरेशियातून आलेलं चीटग्रास घुसलं. ते बहुतेक ऑक्टोबरच्या ओलीवर उगवतं, थंडीतही मुळं खाली सोडत राहतं, बाकीची गवतं जागी होईपर्यंत वरची ओल पिऊन टाकतं आणि जूनमध्ये वाळून कोळ होतं. मग एक वीज पुरते. या कोरड्या भागातला वायोमिंग सेजब्रश जळाला की बुंध्यातून फुटत नाही. पूर्वी पन्नास-शंभर वर्षांनी येणारा वणवा चीटग्रासच्या पट्ट्यात पाच-दहा वर्षांत परत येतो. ऑगस्ट 2015 मधल्या 'सोडा' नावाच्या एकट्या वणव्यात आयडाहो-ऑरेगन सीमेवरचं सुमारे 2 लाख 80 हजार एकर रान गेलं.

माझं म्हणणं असं: 12 इंचांहून कमी पावसाच्या, दक्षिण उताराच्या जमिनीत वणव्यानंतर पहिल्याच हिवाळ्याआधी क्रेस्टेड व्हीटग्रास हे बारमाही गवत पेरून मोकळं व्हावं. एकरी पाच-सहा पौंड. ते आशियातलं आहे, मान्य. पण बी स्वस्त, रोप दणकट, दोन-तीन हंगामांत ठोंब जमतो आणि चीटग्रासला दाबतो. देशी, म्हणजे त्याच रानातलं मूळचं, ब्लूबंच व्हीटग्रास तिथे पेरणं म्हणजे बहुतेक वर्षी पैसा वाऱ्यावर टाकणं.

रानवेडी

साफ अमान्य. हिरवं दिसलं म्हणजे रान जगलं असं नाही. सेज ग्राउस हा पक्षी हिवाळ्यात जवळजवळ फक्त सेजब्रशची पानं खातो आणि घरटंही त्याच झुडपाखाली करतो. त्याच्या पिल्लांना पहिले काही आठवडे किडे आणि रुंद पानांच्या रानवनस्पती लागतात. क्रेस्टेडच्या दाट शेतात यातलं काय मिळतं?

आणि "आत्ता पेरू, नंतर देशी लावू" हे तर विसराच. क्रेस्टेड उपटायचे प्रयत्न कमी झालेले नाहीत: तव्यांचा नांगर (डिस्क) फिरवला, ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं. जमिनीतल्या बियांतून ते पुन्हा उगवतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत आधी चीटग्रासच शिरतं. तुम्ही तात्पुरती मलमपट्टी म्हणताय, ती पन्नास वर्षं टिकते.

पाभरवाला

देशी बी उगवत नाही हे अर्धसत्य आहे. ते पुष्कळदा उगवतं, पण वर येत नाही. पेरणीनंतर हिवाळ्यातच बी फुटतं, कोंब मातीखाली असतो. वर पावसाने धरलेली कडक पापडी, खाली गोठणं-वितळणं चालू. कोंब तिथेच मरतो. म्हणून खोली महत्त्वाची. ब्लूबंच पाव ते अर्धा इंच, त्याहून खाली नको. खडकाळ जमिनीवर रेंजलँड ड्रिल, म्हणजे रानातलं पेरणीयंत्र, उड्या मारतं, काही बी दीड इंचावर जातं तर काही वरच राहतं. खोली बांधणारे पट्टे चाकांना लावले नाहीत तर बियाण्याला दोष देऊ नका.

दुसरं, हिशेब पोत्याच्या वजनावर करू नका. शुद्धता 90 टक्के आणि उगवण 80 टक्के असेल तर जिवंत शुद्ध बी 72 टक्केच. एकरी 8 पौंड जिवंत बी हवं तर पोत्यातलं 11 पौंडांच्या वर लागेल. तेव्हा कुठे चौरस फुटाला 25 च्या आसपास दाणे पडतात.

सेजब्रशचं तंत्र निराळंच. बी खसखशीहून बारीक, पौंडाला 18 लाखांच्या आसपास. ड्रिलने गाडलं की संपलं. ते वरून फेकायचं आणि नुसतं दाबायचं, किंवा जानेवारी-फेब्रुवारीत हेलिकॉप्टरने बर्फावर टाकायचं. ते पिकतं ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे ऑगस्टच्या वणव्याला त्या सालचं बी अजून झाडावरच असतं. गेल्या सालचं उबदार गोदामात पडलेलं असेल तर त्याची उगवण घसरलेली असते. आपणहून बी पसरेल म्हणाल तर ते आईझुडपापासून काही पावलांवरच पडतं. लाख एकरांच्या मध्यात ते कुठून पोचणार?

गवत्या

पाभरवाले, तुम्ही माझीच बाजू मांडताय. इतकं सगळं जुळून यायला हवं आणि वर पाऊसही हवा. क्रेस्टेडला इतके नखरे नाहीत.

कुसळ

दोघंही चीटग्रासचं बी जमिनीत तसंच ठेवून भांडताय. आधी ते संपवा. त्यातलं बरंचसं दोन-तीन वर्षांतच मरतं, एवढीच त्याची कमजोरी.

इमाझापिक हे तणनाशक उगवणीआधी, सप्टेंबरच्या सुमारास, एकरी सहाएक औंस. त्याचा जोर साधारण एक हंगाम. राखेचा थर जाड असेल तर औषध राखेलाच चिकटतं आणि खाली पोचत नाही. फवारून लगेच पेरलं तर तुमचं बीही मार खातं, म्हणून बरेच जण एक वर्ष थांबतात.

इंडाझिफ्लाम हे दुसरं तणनाशक तीन वर्षं किंवा जास्त टिकतं. ते मातीच्या वरच्या इंचभरात बसून फुटणाऱ्या बियांची मुळं रोखतं. जुन्या ठोंबांची मुळं खोल, त्यांना फारसं काही होत नाही. पण जिथे ठोंबच उरलेले नाहीत तिथे ते मारलं की तीन वर्षं उघडी जमीन आणि वाऱ्याने उडणारी माती. वर पेरणी बाद. ठोंब मोजल्याशिवाय डबा उघडू नये.

ऑरेगनमधल्या बर्न्सच्या संशोधन केंद्रात देशी बी सक्रिय कोळशाच्या गोळीत घालून पेरण्याचे प्रयोग झालेत. कोळसा गोळीभोवतीचं औषध शोषतो, बाहेरचं चीटग्रास मरतं, आतलं बी वाचतं. वणव्याच्या आकाराला पुरतील एवढ्या गोळ्या करणं ही वेगळी गोष्ट.

रानवेडी

औषधाने देशी वर्षायू फुलझाडंही जातात, ते कोण मोजतं?

धनगरवाडा

जनावराचं नावच नाही कुणाच्या तोंडी. जमीन बहुतांशी ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारी खात्याची, त्यावर परवान्याची गुरं. वणव्यानंतर सहसा दोन हंगाम चराईबंदी. पुढे? चीटग्रास वसंतात चारायचं तर ते पोटरीत येण्याआधी, जेमतेम दोन आठवड्यांची संधी. थोडा उशीर झाला की गुरं त्याची कुसळं सोडून नेमके पोटरीवर आलेले देशी ठोंब खातात, आणि ठोंबाला तोच घाव सगळ्यात जड. त्यापेक्षा ऑक्टोबर ते फेब्रुवारी चारा. ठोंब झोपलेले असतात, वाळकं चीटग्रास कमी होतं, पुढच्या उन्हाळ्याचं सरपण घटतं. वाळक्या काडीत प्रथिनं नगण्य, म्हणून प्रथिनांचा पूरक खुराक द्यावा लागतो आणि तो ठेवायचा तिथे, जिथे काडी संपवायची आहे.

बंदीसाठी कुंपण घालाल तर प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याचा विचार करा. ते तारेवरून क्वचितच उडी मारतं, खालून सरपटतं. तळाची तार बिनकाट्याची, जमिनीपासून 16 ते 18 इंचांवर. वरची तार 42 इंचांच्या आत. सेज ग्राउसच्या नाचाच्या जागेजवळ तारेला पांढऱ्या चकत्या लावा, पहाटेच्या अंधारात उडताना पक्षी तारेवर आदळतात. गुरांच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याचं आभासी कुंपण असेल तर हा प्रश्नच मिटतो.

सोलापुरी माळ

आपल्याकडे माळरानाला सरकारी कागदात पडीक म्हणायचं आणि त्यावर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावायचं, त्याचंच हे भावंड दिसतंय. उपाय इकडे चालतील का?

पाभरवाला

मनोवृत्ती तीच, पण तंत्र उचलू नका. तिथली ओल हिवाळ्यातल्या बर्फाची, उन्हाळा कोरडा. आपली मारवेल, शेडा, पवन्या ही गवतं पावसाळ्याच्या उष्ण ओलीवर वाढतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पेरणीचं आणि फवारणीचं वेळापत्रक इथे कवडीच्या कामाचं नाही.

गवत्या

बरं, थोडं मागे येतो. उत्तर उतारावर आणि उंचावर, जिथे माती थंड आणि ओल जास्त टिकते, तिथे देशीच पेरा. ठोंब शिल्लक असतील तिथे काहीच पेरू नका, कुसळ म्हणतात तसं औषध मारा. पण सखल, तापट, दोनदा जळालेल्या जमिनीत क्रेस्टेडच. 2001 ते 2020 या काळात वर्षाला सरासरी 13 लाख एकर धड सेजब्रश रान हातचं गेलं. शुद्धतेची वाट बघत बसायला वेळ कुठे आहे?

रानवेडी

मग रस्त्याकडेला आग अडवायच्या पट्ट्यांपुरतं पेरा, दोन्ही बाजूंना फार तर 200 फूट. तेवढ्याला माझी ना नाही. अख्ख्या उताराला आहे. आणि त्या पट्ट्यातही बॉटलब्रश स्क्विरलटेल हे गवत आधी करून बघा. ते देशी असून चीटग्रासला बऱ्यापैकी तोंड देतं.

कुसळ

स्क्विरलटेलचं बी कुठल्या भागातलं गोळा केलंय ते विचारून घ्या. उंचावरचं बी सखल जमिनीत टाकलं की पहिल्या मे महिन्यातच वाळतं, आणि दोष पुन्हा "देशी"च्या माथी.