मदत हवी आहे: बारा किल्ल्यांचा नकाशा आणि कालरेषा (खुणा नॉर्वेच्या समुद्रात, चित्रं गायब, फॉर्म उघडत नाही)

तटबंदी:

टीवायबीए, इतिहास. प्रकल्पाचा विषय: ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत गेलेले बारा किल्ले. म्हणजे साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. छापील अहवालाबरोबर 'संवादी' काहीतरी करा असं सांगितलंय. कोडिंग येत नाही, खर्च शून्य हवा.

आत्तापर्यंत केलेलं:

– टाइमलाइनजेएसच्या (कालरेषा बनवायचं फुकट साधन) गूगल शीट्समधल्या तक्त्यात १४ घटना भरल्या. पानावर फक्त एरर येते.
– यूमॅपवर (स्वतःचा नकाशा बनवायचं फुकट संकेतस्थळ) बारा खुणा सीएसव्हीने (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) चढवल्या. अकरा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात आहेत, जिंजीही तिकडेच जरा पलीकडे.
– फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून त्यांचे दुवे दिले. खुणेवर टिचकी मारली की रिकामी चौकट दिसते.
– ब्लॉगरच्या (गूगलची फुकट ब्लॉगसेवा) पानात नकाशाचा कोड चिकटवला तर नकाशाऐवजी कोडच अक्षरशः दिसतो.
– इन्स्टाग्रामच्या स्टोरीत गूगल फॉर्मचा दुवा दिला (१० प्रश्न, किल्ल्यांबद्दल). काही जण म्हणतात लॉगिन मागतो आणि ४०३ (प्रवेश नाकारल्याची एरर) दाखवतो. माझ्या लॅपटॉपवर नीट उघडतो.
– एका जुन्या स्मरणिकेतून मजकूर घेतला, तो पानावर 'ÉÊ¶É´É' छापाच्या चिन्हांत येतो.

आठ दिवस आहेत. कुठून सुरू करू?

नकाशेवाला:

नकाशापासून. तुझ्या अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे. रायगड साधारण १८.२३ उत्तर, ७३.४४ पूर्व. हे आकडे उलटे झाले की ७३.४४ उत्तर, १८.२३ पूर्व होतं, आणि ती जागा नॉर्वेचा किनारा आणि बेअर बेट यांच्या मधल्या समुद्रात येते. जिंजीचा रेखांश ७९ च्या पुढे, म्हणून तो आणखी वर स्वालबार्डकडे गेला.

गूगल मॅप्सवर उजवी टिचकी मारल्यावर जी जोडी मिळते तिच्यात अक्षांश आधी असतो. जिओजेसन नावाच्या फाइलप्रकारात मात्र रेखांश आधी. दोन्हीकडून माहिती गोळा केली की हा घोळ हमखास. आकडे बदलत बसू नकोस, सीएसव्हीच्या पहिल्या ओळीतली 'लॅट' आणि 'लॉन' ही दोन शीर्षकं एकमेकांच्या जागी ने (ती रोमन लिपीतच हवीत), जुना थर (लेयर) पुसून टाक आणि फाइल पुन्हा आयात कर. जुना थर पुसला नाहीस तर चोवीस खुणा होतील.

दुसरी चूक अजून दिसायची आहे, पण तपासून घे. गॅझेटियरमधून किंवा पुस्तकातून घेतलेले आकडे अंश-मिनिटांत असतात. १८ अंश १४ मिनिटं म्हणजे १८.१४ नव्हे. १४ भागिले ६०, म्हणजे १८.२३३. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा, त्यामुळे १८.१४ लिहिलंस तर रायगड दहा किलोमीटर दक्षिणेला सरकतो. नकाशा दुरून पाहताना हे कळतच नाही. प्रत्येक खूण उपग्रहचित्रावर जवळ जाऊन तटाच्या आत पडते का ते बघ, बारा खुणांना वीस मिनिटं लागतील.

जिंजीमुळे वेगळीच अडचण आहे. बाराही खुणा एका चौकटीत बसवल्या की सह्याद्री आणि किनाऱ्यावरच्या अकरा एकमेकींवर चढतात. उघडताना महाराष्ट्रच दिसेल असं सुरुवातीचं दृश्य जतन कर आणि वर्णनात 'जिंजीकडे' असा दुवा दे. यूमॅपच्या पत्त्यात # नंतर झूम, अक्षांश, रेखांश असतात, नकाशा जिंजीवर नेऊन तो पत्ता उचलला की झालं.

आणि नकाशा हलवण्याची हद्द सेटिंगमध्ये बांधून टाक. यूमॅपच्या खुणांखाली जो ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा असतो, त्याच्या नेहमीच्या रूपात देशाची उत्तर सीमा भारताच्या अधिकृत नकाशाप्रमाणे दिसत नाही. तोंडी परीक्षेत कोणी झूम आउट केलं तर किल्ले बाजूला राहून त्यावरच चर्चा होईल.

अक्षरजुळणी:

स्मरणिकेचा मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीत) नाही. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांच्या जागी रोमन चिन्हं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नसला की आतली चिन्हं उघडी पडतात. फॉन्ट बदलून उपयोग नाही, मजकूर रूपांतरित करावा लागतो. त्यासाठी नेमका कोणता फॉन्ट होता ते आधी शोध, कारण प्रत्येकाची जुळणी वेगळी. रूपांतरानंतर तीन गोष्टी डोळ्यांनी तपास: रफार योग्य अक्षरावर आहे का, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली आहे का, आणि 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र टिकला का. चार-पाच परिच्छेदच असतील तर सरळ टाइप कर, दुरुस्त्यांपेक्षा लवकर होईल.

सीएसव्ही एक्सेलमधून काढत असशील तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवड. नुसतं सीएसव्ही निवडलं की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि फाइल बंद केल्यावर ती परत मिळत नाहीत.

कोकणकडा:

कालरेषेबद्दल. तक्ता पाहिला नाही, पण मराठी मुलांच्या तक्त्यात पहिला संशय आकड्यांवर. वर्ष, महिना, दिवस या रकान्यांत देवनागरी आकडे टाकलेस का? आपल्याला ते आकडे वाटतात, ब्राउझरला ती अक्षरं वाटतात. त्या रकान्यांत इंग्रजी आकडेच हवेत. ओळखायची खूण: गूगल शीट्समध्ये खरा आकडा आपोआप उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे राहतो (संरेखन हाताने बदललं नसेल तर). वाचकाला दिसणारी तारीख 'डिस्प्ले डेट' रकान्यात देवनागरीत लिही, तिथे काहीही चालतं.

हे झाल्यावरही एरर राहिली तर या क्रमाने बघ.

पहिल्या ओळीतली शीर्षकं मराठीत केली असशील तर परत होती तशी कर. एकही रकाना काढू नकोस. मध्ये कोरी ओळ ठेवू नकोस, दोन शतकांमध्ये 'मोकळं दिसावं' म्हणून सोडलेली ओळही नाही. फाइल मेनूतून 'पब्लिश टू वेब' करून ती खिडकी बंद कर आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचल. बहुतेक जण खिडकीतला पत्ता उचलतात. आणि मुखपृष्ठाच्या ओळीत 'टाइप' रकान्यात 'टायटल' हा शब्द इंग्रजीत हवा.

तारखा एकाच रकान्यात ठेवायचा मोह टाळ. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही.

आता इतिहासाचं, कारण तुला गुण त्याचेच मिळणार आहेत. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय पंचांगाची तारीख. ग्रेगोरियन, म्हणजे आजचं नवं पंचांग धरलं तर १६ जून. सतराव्या शतकात हे अंतर दहा दिवसांचं. इंग्रज त्या काळी जुनंच पंचांग वापरत होते, पोर्तुगिजांनी नवं सोळाव्या शतकातच घेतलं होतं. म्हणून सुरतेच्या वखारीचे कागद आणि गोव्याचे कागद एकत्र वापरलेस तर एकच घटना कालरेषेवर दोनदा, दहा दिवसांच्या अंतराने उमटू शकते. एक पद्धत ठरव आणि मुखपृष्ठावर एका ओळीत सांग. तिथी द्यायची असेल तर 'डिस्प्ले डेट'मध्ये: ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६.

चौदा घटना पुरेत. टाइमलाइनजेएस बनवणारेच विसाच्या वर जाऊ नका म्हणतात, आणि मोबाइलवर विसावी पाटी कोण बघतंय!

नकाशेवाला:

चित्रांचं राहिलं. ड्राइव्हचा 'शेअर' दुवा चित्राकडे नेत नाही, चित्र दाखवणाऱ्या पानाकडे नेतो. यूमॅपला थेट चित्र हवं, म्हणजे शेवटी .जेपीजी असलेला आणि एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता. विकिमीडिया कॉमन्सवर (मुक्त परवान्याच्या चित्रांचं संकेतस्थळ) या किल्ल्यांचे फोटो आहेत. तिथेही फाइलचं पान वेगळं आणि चित्र वेगळं. पानावर खाली लहान आकारांचे पर्याय असतात, त्यातला हजार पिक्सेलच्या आतबाहेरचा निवड. मूळ फाइल कित्येक एमबींची असू शकते, बारा खुणा बघेपर्यंत फोनचा डेटा संपेल.

खुणेच्या वर्णनात चित्राचा पत्ता दुहेरी महिरपी कंसात टाकायचा, शब्द ठळक करायला दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे. चित्राखाली छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव आणि मूळ पानाचा दुवा हवाच. 'साभार: विकिपीडिया' एवढ्याने श्रेय दिल्यासारखं होत नाही.

आणखी एक. यूमॅपवर खातं न उघडता नकाशा केला असशील तर संपादनाचा गुप्त दुवा मिळाला असेल, तो आत्ताच स्वतःला मेल कर. तो गेला की नकाशा दिसत राहील, बदलता येणार नाही.

शंकासुर:

फॉर्मचं कारण सांगतो. इन्स्टाग्राममध्ये दुवा दाबला की पान फोनच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, ॲपच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडतं. अशा ब्राउझरमधून गूगल लॉगिन करू देत नाही, पासवर्ड चोरीला जाऊ नये म्हणून. म्हणजे तुझा फॉर्म लॉगिन मागतोय, खरा प्रश्न तो आहे. दोन जागा बघ: 'एकाच प्रतिसादाची मर्यादा' चालू असेल तर बंद कर, आणि फाइल अपलोड करायला लावणारा प्रश्न असेल तर काढ. ही दोन्ही लॉगिनशिवाय चालत नाहीत. कॉलेजच्या खात्यातून फॉर्म केला असशील तर 'फक्त संस्थेतील लोकांसाठी' हेही बंद आहे का ते बघ. मग लॉगआउट करून गुप्त (इनकॉग्निटो) खिडकीत उघड. लॅपटॉपवर तू आधीच लॉगिन असतेस, म्हणून तुला दोष दिसला नाही.

मर्यादा काढल्यावर एकच जण तीनदा भरू शकतो, हे मान्य करून चाल. आणि त्या उत्तरांना 'सर्वेक्षण' म्हणू नकोस. तुझ्या स्टोरी बघणारे बहुतेक तुझेच मित्र. '७० टक्के तरुणांना जिंजी माहीत नाही' असलं वाक्य अहवालात गेलं तर पहिला प्रश्न त्यावरच येईल. किती जणांनी, कोणत्या दिवसांत, कुठल्या दुव्यावरून भरलं एवढंच लिही.

कोणती उत्तरं हवीत त्यावर साधन ठरतं. मौजेचा एखादाच प्रश्न असेल तर स्टोरीतलं क्विझ स्टिकर बरं, चार पर्याय देता येतात. पण स्टोरी २४ तासांत जाते, आकडे त्याच दिवशी टिपून ठेव. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात पोल टाकलास तर कोणी काय निवडलं ते गटाला दिसतं. चुकीचं उत्तर द्यायला लाजणारे मग मतच देत नाहीत. त्यासाठी फॉर्मच योग्य.

फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल नंबर कशाला विचारतेस? काढून टाक. शाळकरी मुलांकडून भरून घेणार असशील तर दुप्पट कारणाने.

अक्षरजुळणी:

याला जोडून एक धोका. फॉर्मची उत्तरं कालरेषेच्याच तक्त्यात दुसऱ्या पानावर येऊ देऊ नकोस. तो तक्ता तू जगाला उघडा केला आहेस, आणि 'संपूर्ण दस्तऐवज' प्रकाशित केला की सगळी पानं उघडी होतात. उत्तरांना वेगळी फाइल.

तटबंदी:

सगळ्यांना धन्यवाद. खुणा गडांवर आल्या (लोहगड अंश-मिनिटांच्या चुकीने खरंच भलतीकडे होता). कालरेषा चालू झाली, देवनागरी आकड्यांचाच घोळ होता. फॉर्म आता फोनवर उघडतो.

उरलेलं: १) ब्लॉगरचा कोड. २) फोनवर पान खाली सरकवताना बोट नकाशातच अडकतं. ३) व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की चित्र येत नाही, नुसता पत्ता दिसतो.

कोकणकडा:

१) लिहिण्याच्या चौकटीत डावीकडे वर पेन्सिलचं चिन्ह आहे, तिथून 'एचटीएमएल दृश्य' निवडून मगच कोड चिकटव. साध्या दृश्यात तो मजकूर समजला जातो. वर्डप्रेसच्या फुकट योजनेवर जायचा विचार असेल तर नको, तिथे असा आयफ्रेम (दुसरं पान आत दाखवणारा) कोड जतन करताना गाळला जातो.

२) कोडमध्ये रुंदी १०० टक्के ठेव, उंची ३५० पिक्सेलच्या आसपास. फोनच्या पडद्यापेक्षा नकाशा उंच झाला की बोट ठेवायला बाहेर जागाच उरत नाही. दोन्ही बाजूंना बोटभर समास सोड आणि खाली 'नकाशा पूर्ण पडद्यावर उघडा' असा साधा दुवा दे. कालरेषेची उंची मात्र ६५० च राहू दे, कमी केलीस तर मराठी मजकूर पाटीतल्या पाटीत सरकवावा लागतो. दोन्ही एकाच पानावर लागोपाठ लावू नकोस, मध्ये दोन परिच्छेद हवेत.

३) पानात आयफ्रेमशिवाय एकही चित्र नसेल तर व्हॉट्सॲप पूर्वचित्र (प्रिव्ह्यू) कुठून आणणार? सगळ्यात वर एक साधं चित्र घाल, १२०० बाय ६३० पिक्सेल, शक्यतो ३०० केबीच्या आत. त्यावर शीर्षक लिहायचं असेल तर 'मुक्त' किंवा 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट चालेल. दुसऱ्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. चित्र घातल्यावरही जुनंच रिकामं पूर्वचित्र येत राहिलं तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून पाठव, नवा पत्ता समजून ते पुन्हा वाचलं जातं.

शंकासुर:

इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेला पत्ता दाबता येत नाही, तो प्रोफाइलच्या माहितीत टाक नाहीतर स्टोरीत दुव्याचं स्टिकर लाव. आणि छापील अहवालात क्यूआर कोड देणार असशील तर तो थेट पानाच्या पत्त्याचा, फुकट क्यूआर देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाच्या मधल्या पत्त्याचा नको. तसले काही मुदत संपली की बंद पडतात. छपाईला देण्याआधी कागदावर २ सेंटिमीटरचा कोड काढून दोन वेगवेगळ्या फोनवर बघ.

तटबंदी:

पूर्वचित्र आलं. क्यूआर उद्या छापून बघते. जिंजीचा फोटो कॉमन्सवर एकाच नावाने तीन आकारांत दिसतोय, श्रेय तिन्हींना एकच ना?

नकाशेवाला:

एकच. फाइल एक, आकार तीन. फक्त कापून किंवा रंग बदलून वापरलास तर 'फेरफार करून' हे शब्द जोड. परवान्यात एसए (शेअर-अलाइक) असेल तर तुझं बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली जाईल.