शाळेच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर : डोळे, मान आणि कामातलं मन, तिन्ही चाललंय. सुरुवात कुठून करू?

घाटंजीची_लिपिक

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावच्या अनुदानित शाळेत मी कनिष्ठ लिपिक आहे. वय ४३. ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि शिपाई दादा. शालार्थ या सरकारी वेबसाइटवरची पगारबिलं, यू-डायस आणि सरलवर भरायची शाळेची, मुलांची माहिती, मुलांचं आधार जुळवणं, महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज, टीसी, बोनाफाइड, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं.

तो कॉम्प्युटर असा आहे: १५ इंची डब्बा मॉनिटर, विंडोज ७, २ जीबी रॅम. आडव्या कॅबिनेटवरच मॉनिटर ठेवलेला. सकाळी बटन दाबलं की मी दाखल-खारीज रजिस्टर उघडून हाताचं काम करत बसते, कारण तो पटकन सुरू होतच नाही. लाइन गेली की त्याची तारीख मागे जाते, पार कितीतरी वर्षं. मग कोणतीही वेबसाइट उघडा, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवते. आधी तारीख दुरुस्त करायची, मग काम. क्रोम तर आता नवीन होतच नाही. स्पेसबार इतका कडक झालाय की उजव्या अंगठ्याचा सांधा संध्याकाळी सुजलेला असतो.

त्रास सांगते. दुपारी तीननंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, आग होते, पाणी येतं. मानेपासून खांद्यापर्यंत ठणका. घरी गेल्यावर डोकं इतकं दुखतं की मुलीच्या वहीकडे पाहायला नको वाटतं. ऑफिसवर टिनं आहेत, एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की कूलर माझ्या टेबलासमोर लावतात, तरी मशीन तापून आपोआप बंद पडतं. आणि कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. पावसाळ्यात जास्त. आता आम्ही लाकडी स्टुलावर पाय ठेवूनच बसतो.

शरीराचं सहन होतं एकवेळ. मला जास्त लागतं ते दुसरं. मी मराठी ३० आणि इंग्रजी ४० दोन्ही टायपिंग पास करून या नोकरीत आले. काम स्वच्छ करायची सवय आहे, माझ्या बिलात चूक निघत नाही. पण महिन्याच्या शेवटी बिल अर्ध्यावर अडकतं आणि ग्रुपवर 'मॅडम, बिल गेलं का?' सुरू होतं. उशीर मशीनमुळे होतो, ऐकून मी घेते. मग रात्री घरी मुलाच्या लॅपटॉपवर बसते. पूर्वी या कामाची ओढ होती, आता सकाळी ऑफिसचं कुलूप उघडतानाच जीव जड होतो.

मुख्याध्यापक सर चांगले आहेत, पण 'चालते ना मशीन, मग बदलायची काऊन?' हे त्यांचं आणि संस्थेचं एकच उत्तर. हा तब्येतीचा प्रश्न आहे हे त्यांना कसं पटवू? आणि थोड्या पैशात आधी काय बदलावं?

आर्णी_हार्डवेअर

ताई, मी आर्णीले कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान चालवतो. तुमचं बाकी सारं मागून पाहू, पयले तो करंट.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये, फिल्टरचे कपॅसिटर असतात. ते थोडा करंट बॉडीवर सोडतात. अर्थिंग चांगली असली तं तो जमिनीत जाते, कोणाले समजतही नाही. अर्थिंग नसली तं बॉडीवर शंभरेक व्होल्ट बसून राह्यते, अन हात लावला की झिणझिण्या. तेवढ्यानं माणूस मरत नाही, पण त्याच मशीनच्या आत एखाद्या वायरीचं इन्सुलेशन गेलं तं पुरा फेज बॉडीवर येते, अन वाचवाले अर्थिंगच नाही. म्हणून हे हसण्यावारी नेऊ नोका. स्टुलावर पाय ठेवणं हा इलाज नोहे.

आपल्या इकडच्या खेड्यातल्या शाळांत मी तीन गोष्टी पाह्यतो. प्लगची तिसरी, जाडी पिन कोणी तरी मोडून टाकली असते, नाही तं दोन पिनचं एक्स्टेंशन लावलं असते. बोर्डात तिसऱ्या भोकाले वायरच जोडली नसते. नाही तं अर्थिंगचा खड्डा हाये, पण काळी माती उन्हाळ्यात वाळून फाटते, पाइपाशी ओल राह्यत नाही, अन अर्थिंग नावालेच उरते. वायरमनले बोलवा, अर्थिंग मोजून घ्या, खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात पाणी टाकत जा. बोर्डावर ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. हा खर्च पोरांसाठीही हाये, कारण त्याच लाइनवर वॉटर कूलर असन.

तारीख मागे जाते त्याले कारण मदरबोर्डवरचा सेल. त्याले सीआर २०३२ म्हणतात, घड्याळाच्या दुकानातही भेटते. पन्नास रुपयांच्या आत काम. तुमची निम्मी चिडचिड तिथंच जाईन.

मॉनिटर बदलेपर्यंत एक करा. डेस्कटॉपवर राइट क्लिक, स्क्रीन रिझोल्यूशन, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्स, मॉनिटर. तिथं ६० हर्ट्झ दिसन. यादीत ७५ नाही तं ८५ असन तं ते घ्या. डब्बा मॉनिटर ६० वर लुकलुकते, डोयाले समजत नाही पण डोकं धरते. जो आकडा यादीत नाही तो जबरदस्तीनं टाकू नोका.

या मशीनमध्ये मात्र नवी रॅम घालू नोका, पैसे वाया जातीन. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० ले बंद झाले, क्रोमनं २०२३ ले साथ सोडली. विंडोज १० चंही १४ ऑक्टोबर २०२५ ले संपलं. सेकंडहँड घ्यायचं असन तं इंटेलच्या प्रोसेसरची ८ वी पिढी किंवा वरचीच पाहा, कारण विंडोज ११ त्याच्या खाली रीतसर बसत नाही. दुकानदार चौथ्या पिढीचं गळ्यात मारते, स्वस्त म्हणून. एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी येणारी फास्ट डिस्क, पाह्यजेच.

ग्रामीण_नेत्रतपासनीस

ताई, मी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासतो. दोन प्रश्न. चष्मा दोन भागांचा आहे का, म्हणजे खाली वाचायचा नंबर? आणि मॉनिटरची वरची कड तुमच्या डोळ्यांच्या वर येते का?

तुमचं वय पाहता चाळिशी लागलेली असणार. दोन भागांच्या चष्म्यात वाचायचा नंबर खालच्या बाजूला असतो. मॉनिटर उंच असला की माणूस हनुवटी वर करून खालच्या काचेतून पाहतो आणि तसाच पाच-सहा तास बसतो. मानेचा ठणका बहुतेक तिथून आहे. सगळीकडे सांगतात की मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. दोन भागांचा चष्मा असेल तर त्याहून खाली ठेवा. कॅबिनेटवरून मॉनिटर उतरवणं हा फुकटातला उपाय आहे.

वाचायचा नंबर साधारण फूट-सव्वा फुटासाठी असतो, मॉनिटर हातभर अंतरावर. मधल्या अंतरासाठी वेगळा चष्मा करता येतो. तपासणीला जाताना डोळ्यापासून मॉनिटरपर्यंतचं अंतर टेपनं मोजून न्या. नुसतं 'कॉम्प्युटरवर काम करते' एवढ्यावर नेमका नंबर निघत नाही. सेवाग्रामला किंवा यवतमाळला जाणार असाल तरी हे माप सोबत ठेवा.

आग होण्याचं कारण कोरडेपणा. पडद्याकडे टक लावली की पापण्या मिटणं निम्म्याहून कमी होतं, त्यात कूलरचा झोत तोंडावर. कूलर बाजूला फिरवा. दर वीस मिनिटांनी वीसेक फूट लांब, समोरच्या मैदानातल्या झाडाकडे, वीस सेकंद पाहा आणि मुद्दाम पापण्या मिटा. खिडकी पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला हवी.

एक कळकळीनं सांगतो. मेडिकलमधून मनानं थेंब आणू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असतं, बरं वाटतं म्हणून लोक महिनोन्‌महिने टाकतात आणि काचबिंदू घेऊन आमच्याकडे येतात. आणि मनातली भीती काढा, मॉनिटरनं नजर कायमची जात नाही. त्रास खरा आहे आणि तो कमी होतो.

घाटंजीची_लिपिक

दादा, चष्मा दोन भागांचाच आहे! मॉनिटर आज टेबलावर उतरवला. शिपाई दादांनी प्लग काढून पाहिला, तिसरी पिन खरंच मोडलेली आहे. वायरमनला निरोप दिलाय. सेलही सांगितला.

पण मशीन बदलायचं कसं मांडू? सर म्हणतात वेतनेतर अनुदानातून आधी टिनं दुरुस्त करायची.

निवृत्त_मुख्याध्यापक_वाशीम

बाई, मी त्या खुर्चीवर बसलो आहे म्हणून सांगतो. तोंडी तक्रार मुख्याध्यापकाला ऐकू येते, पण ती पुढे नेता येत नाही. त्याला संस्थेसमोर ठेवायला कागद लागतो. तुमच्या सरांना कागद द्या, ते तुमच्याच बाजूचे होतील.

महिनाभर एका वहीत लिहा: मशीन किती वाजता लावलं, केव्हा कामाला लागलं, किती वेळा बंद पडलं, कोणतं बिल त्यामुळे थांबलं. मग अर्ज करा, आवक क्रमांक घाला. अर्जात तुमच्या थकव्याला पहिली जागा देऊ नका, करंटला द्या. ऑफिसात टीसीसाठी विद्यार्थी येतात, त्या कॅबिनेटला त्यांचा हात लागू शकतो. हे वाचून कोणतीही शाळा समिती 'पाहू' म्हणून कागद बाजूला ठेवणार नाही. दुसरा मुद्दा पगारबिलाचा, तो सगळ्या शिक्षकांना आपला वाटेल. डोळ्यांच्या तपासणीचा कागद सोबत जोडा.

जुनं मशीन जडवस्तू नोंदवहीत असेल. ते तसंच ठेवून नवं मागितलं की 'एक आहे ना' हे उत्तर ठरलेलं. निर्लेखनाचा, म्हणजे जुनी वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव आणि तीन दरपत्रकं अर्जासोबतच द्या. आणि डब्बा मॉनिटर भंगारवाल्याला देऊ नये, त्याच्या काचेत शिसं असतं. नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवून पावती घ्यावी, ती निर्लेखनाच्या फाइलला लागते.

दारव्हा_ऑपरेटर

मी ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे. आमच्याकडे मागच्या वर्षी नवीन मशीन आलं. डोकेदुखी खरंच कमी झाली, संध्याकाळी माणसासारखं घरी जातो. पण ताई, एक आधीच सांगून ठेवतो. मशीन फास्ट झालं म्हणून दुसऱ्यांचं कामही माझ्याच टेबलावर यायला लागलं. सर्व्हर तर तोच, तो महिनाअखेर रडतोच. म्हणून नवीन मशीन आल्या दिवशीच कोणतं काम कोणाचं हे लिहून घ्या. आणि रात्री घरून करता ते बंद करा. तुम्ही रात्री बिल पूर्ण करता म्हणून सकाळी सगळ्यांना वाटते मशीन चालते.

घाटंजीची_लिपिक

शेवटची ओळ वाचून थांबले. बरोबर आहे, रात्रीचं काम कोणाला दिसतच नाही. या महिन्यापासून बिल ऑफिसातच करणार आणि अडकलं तर त्याच वेळी सरांना बोलावून पडदा दाखवणार.

वही आजपासून सुरू केली. अर्जाची सुरुवात अशी केली आहे: 'कार्यालयातील संगणकाच्या लोखंडी भागास विद्युत प्रवाह जाणवत असून कार्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व कर्मचाऱ्यांच्या जीवितास धोका संभवतो.' वाशीमचे सर, एवढं कडक चालेल का? आणि आर्णीचे दादा, एका दरपत्रकासाठी तुमच्या दुकानात येऊ का? त्यावर मॉनिटर, एसएसडी आणि कीबोर्ड वेगवेगळे लिहून द्या. संस्थेने सगळं नाही दिलं तरी मॉनिटर आणि कीबोर्ड तरी पदरात पडावा.

आर्णी_हार्डवेअर

या ताई, मंगळवारी या. येतानी मशीनच्या मागच्या साइडचा फोटो काढून आणा.